एकच किनारा, अख्खा उन्हाळा

समुद्रावर कॅमेरा घेऊन नव्याने येणारी माणसं बहुतेक वेळा संध्याकाळी येतात. मावळतीचे रंग टिपतात, दोन-चार लाटा टिपतात आणि अंधार पडला की निघतात. त्या वेळी भरती असेल तर किनाऱ्यावरचं निम्म्याहून अधिक जग पाण्याखाली असतं, आणि आपण त्याच्या दारातून परत फिरलो हे लक्षातही येत नाही. किनाऱ्यावरचा निसर्ग बघायचा आणि टिपायचा असेल तर माझा आग्रह दोनच गोष्टींचा आहे. सूर्य कधी उगवतो-मावळतो हे बघण्याआधी ओहोटीची वेळ बघा, आणि उन्हाळाभर एकाच जागी पुन्हा पुन्हा जा. दहा किनारे एकेकदा बघणाऱ्यापेक्षा एक किनारा वीसदा बघणाऱ्याला कितीतरी जास्त दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून नजर आपोआप 'काल इथे काय होतं आणि आज काय नाही' हे शोधायला लागते, आणि खरं निरीक्षण तिथून सुरू होतं.

1. जागा ठरवा

पाचशे मीटरचा पट्टा पुष्कळ झाला. त्यात थोडा कातळ, थोडी वाळू आणि जमलं तर एखाद्या ओढ्याचं किंवा खाडीचं तोंड असावं. गोडं पाणी जिथे समुद्राला मिळतं तिथे चिखल साठतो, चिखलात किडे असतात आणि किड्यांमागे पक्षी येतात. घरापासून जवळची साधी जागा लांबच्या सुंदर जागेपेक्षा चांगली, कारण पहाटे उठून जाणं होतं ते जवळच्याच जागी.

पहिल्याच दिवशी एक ठरावीक जागा पक्की करा: न हलणारा मोठा दगड, धक्क्याची पायरी, कुंपणाचा खांब, काहीही. दर खेपेला तिथून त्याच दिशेने, त्याच झूमवर एक फोटो काढायचा. ही चौकट सुंदर असण्याची गरज नाही. तिचा उपयोग उन्हाळा संपताना कळतो.

कॅमेऱ्यातलं घड्याळही त्याच दिवशी मोबाइलशी जुळवून घ्या. हे काम क्षुल्लक वाटतं, पण प्रत्येक फोटोची वेळ बरोबर असली की तो ओहोटीच्या आधीचा की नंतरचा हे वर्षभरानंतरही काढता येतं.

2. भरती-ओहोटीचं कोष्टक वाचायला शिका

बहुतेक किनाऱ्यांवर साधारण 24 तास 50 मिनिटांत दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. म्हणजे आज सकाळी सातला पाणी सर्वांत खाली असेल तर उद्या ते आठच्या सुमारास असेल. सगळीकडे असंच असतं असं मात्र नाही. मेक्सिकोच्या आखातात अनेक ठिकाणी दिवसातून एकच भरती येते, भूमध्य समुद्रात पाण्याची चढउतार जेमतेम जाणवते, तर कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात ती सोळा मीटरपर्यंत जाते. त्यामुळे कोष्टक आपल्या जागेचंच हवं, शेजारच्या बंदराचं चालत नाही.

कोष्टकात वेळेबरोबर पाण्याची उंचीही दिलेली असते आणि नवी माणसं नेमकी तीच वाचत नाहीत. ओहोटीपुढचा आकडा जितका लहान, तितका कातळ जास्त उघडा पडणार. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, बऱ्याच ठिकाणी एक-दोन दिवस उशिराने, उधाण येतं. तेव्हा भरती खूप चढते आणि ओहोटीही खूप खाली जाते. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी ना फार चढतं ना फार उतरतं. कातळावरच्या खालच्या पट्ट्यातले जीव बघायचे असतील तर उधाणाचे दिवस धरा आणि तेवढे महिन्याचे चार-सहा दिवस आधीच मोकळे ठेवा. भांगाचे दिवस पक्ष्यांसाठी किंवा वाळूसाठी वापरा.

ओहोटीच्या वेळेच्या दोन तास आधी पोचायचं आणि उतरणाऱ्या पाण्याच्या मागे मागे खाली जायचं. पाणी फिरलं की परतीला लागायचं. हे का, ते एका साध्या हिशेबाने कळतं. चढउतार तीन मीटरची धरली, तर पाणी फिरल्यावर पहिल्या तासात ते साधारण 25 सेंटीमीटर चढतं, दुसऱ्यात 50, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी 75. पहिला तास तुम्हाला वाटतं, अजून पुष्कळ वेळ आहे. तिसऱ्या तासात मागची वाट बुडालेली असते. फोटो काढणाऱ्याची नजर पायाशी असते, म्हणून गजर लावून ठेवा. वाजला की डबक्यात काहीही असो, उठायचं.

एकट्याने जाऊ नका. समुद्राकडे पूर्ण पाठ करू नका. हिरवं शेवाळ ओलं असताना बर्फासारखं घसरतं, म्हणून पाय शेवाळावर न टाकता बार्नॅकलच्या (दगडाला चिकटून राहणारे, कवचाचे छोटे जीव) खरखरीत पट्ट्याच्या कडेने, उघड्या दगडावर टाका.

3. पहिल्या दोन खेपा कॅमेरा पिशवीतच राहू द्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि त्यांचे फोटो मग वर्षभर वरवरचेच राहतात. ठरलेल्या चौकटीचा तेवढा एक फोटो काढा, बाकी पहिल्या दोन खेपांना फक्त वही-पेन्सिल वापरा. एका डबक्याशी बसा आणि दहा मिनिटं हलू नका. पहिली दोन मिनिटं डबकं रिकामं असतं. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला एक शंख चालायला लागतो, मग कळतं की त्यात गोगलगाय नसून संन्यासी खेकडा आहे. सहाव्या मिनिटाला वाळूच्या रंगाचा बोटभर मासा जागा बदलतो. तो सुरुवातीपासून तिथेच होता. तुमची सावली स्थिरावल्यावर त्याने हालचाल केली इतकंच.

वहीत चार गोष्टी लिहा: तारीख आणि वेळ, ओहोटीची वेळ आणि उंची, वारा-ढग, आणि 'काय करत होता'. नाव येत नसेल तर वर्णन लिहा. 'काळा पक्षी, लाल चोच, शिंपल्याच्या फटीत चोच घालतोय' ही नोंद पुरेशी आहे. तो कालवफोड्या होता हे नंतर शोधता येतं, पण त्याने चोच कशी घातली हे नंतर आठवत नाही.

4. सामान

चांगला मोबाइल असला तरी उन्हाळा भरून निघेल एवढं काम होतं. डबकी, शंख, कातळ, आभाळ या गोष्टी मोबाइल उत्तम टिपतो. पक्ष्यांसाठी मात्र 300-400 मिलिमीटरची लेन्स लागते, आणि ती नसेल तर पक्षी दुर्बिणीतून बघा, फोटोचा हट्ट धरू नका. लहान जिवांसाठी मॅक्रो लेन्स किंवा मोबाइलवर बसणारी छोटी भिंग-लेन्स चालते.

एकच जास्तीची वस्तू घ्यायची तर पोलरायझर फिल्टर घ्या. पाण्यावरची चकाकी तो कापतो आणि डबक्याचा तळ दिसायला लागतो. तो सगळ्यात जास्त काम करतो जेव्हा तुम्ही पाण्याच्या पृष्ठभागापासून साधारण 37 अंशांच्या कोनातून बघत असता. सरळ वरून बघितलं तर तो जवळपास निरुपयोगी. फिल्टर हळूहळू फिरवा, एका जागी चकाकी एकदम विझते, तिथे थांबा. प्रकाश मात्र एक ते दोन स्टॉपने कमी होतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), हे लक्षात ठेवून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवा. फिल्टर नसेल तर काळी छत्री न्या. डबक्यावर तिची सावली धरली की आभाळाचं प्रतिबिंब जातं. काही वेळा हा उपाय फिल्टरपेक्षाही सरस ठरतो.

बाकी टोपी, भरपूर पाणी, न घसरणारे बूट, गुडघ्याखाली घ्यायला जाड चटईचा तुकडा, दोन मऊ फडकी आणि गोड्या पाण्याची एक छोटी बाटली. अंगाला सनस्क्रीन लावलं असेल तर ते हात डबक्यात घालू नका. तेवढ्याशा पाण्यात ते पसरतं आणि तिथल्या जिवांना बाहेर पडायला वाट नसते.

5. कातळ: वरून खाली वाचा

ओहोटीला उघडा पडलेला कातळ हा आडव्या पट्ट्यांचा असतो. सगळ्यात वर, जिथे फक्त तुषार पोचतात, तिथे काळसर थर आणि बारीक गोगलगायी. त्याखाली पांढऱ्या खरखरीत बार्नॅकलचा पट्टा. त्याखाली शिंपले आणि लिंपेट, म्हणजे टोपीसारख्या कवचाच्या, दगडाला चिकटणाऱ्या गोगलगायी. अगदी खाली, जो भाग फक्त उधाणाच्या ओहोटीला उघडा पडतो, तिथे समुद्रशैवाल, समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी) आणि तारामासे. तुमच्या कातळावर जाती वेगळ्या असतील, पण पट्टे दिसतीलच. पहिला फोटो या पट्ट्यांचाच काढा: कॅमेरा उभा धरा, चौकटीत वरपासून खालपर्यंत सगळं घ्या.

हे पट्टे का पडतात याचं उत्तर स्कॉटलंडच्या एका बेटावर सापडलं. जोसेफ कॉनेल या संशोधकाने बार्नॅकलच्या दोन जातींवर काम केलं आणि 1961 मध्ये निष्कर्ष छापले. लहान जात वरच्या पट्ट्यात राहायची, मोठी खाली. कॉनेलने खालच्या दगडांवरून मोठी जात काढून टाकली, तर लहान जात तिथेही सुखाने जगली. म्हणजे तिला खाली राहता येत होतं, शेजारणीने जागा दिली नव्हती. वरच्या बाजूला मोठ्या जातीला ऊन आणि कोरडेपणा अडवत होता. तेव्हापासून कातळाकडे बघताना एक सूत्र हाताशी असतं: वरची सीमा बहुतेकदा ऊन ठरवतं, खालची सीमा शेजारी किंवा शिकारी. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या किनाऱ्यावर रॉबर्ट पेन यांनी एका पट्ट्यातून तारामासे उचलून टाकत राहून बघितलं. शिंपल्यांनी हळूहळू जागा बळकावली आणि 15 जातींच्या जागी 8 उरल्या. तारामासा दिसला की त्याचा जवळून फोटो घ्याच, पण तो ज्या शिंपल्यांच्या सीमेवर बसलाय ती सीमाही चौकटीत येऊ द्या. गोष्ट तिथे आहे.

आता एका बार्नॅकलजवळ या. पाण्याबाहेर तो मेल्यासारखा, बंद झाकणांचा सुळका असतो. ओहोटीत आत थोडं पाणी कोंडून तो झाकणं मिटून बसतो. पण ज्या डबक्यात पाणी आहे तिथला बार्नॅकल निवडा, लेन्स पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आणा आणि थांबा. झाकणं उघडतात, आतून पिसासारखा पंखा बाहेर येतो, पाणी मुठीत घेतल्यासारखा मिटतो, आत जातो. पुन्हा बाहेर. ते त्याचे पाय आहेत. डोकं दगडाला चिकटवून, उलटा होऊन, पायांनी अन्न ओढणारा हा खेकड्यांचा दूरचा नातेवाईक. चार्ल्स डार्विन यांनी 1846 ते 1854 अशी आठ वर्षं याच्याच कुळाच्या अभ्यासाला दिली होती. फोटोसाठी 1/250 सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ 8 ते एफ 11, आणि सलग दहा-पंधरा फोटो. पंखा पूर्ण पसरलेला क्षण त्यातल्या एखाद्यातच मिळेल.

लिंपेटचं कौतुक वेगळं. भरतीत तो चरायला निघतो आणि अनेक जातींमध्ये आपल्याच ठरलेल्या जागी परत येतो. तिथल्या दगडाला त्याच्या कडेचा नेमका साचा पडलेला असतो. जागा सोडून गेलेल्या लिंपेटची ही गोल खूण दगडावर शोधा. तिरप्या उन्हात ती सुंदर दिसते. लिंपेटला मात्र कधीही खरवडून काढू नका. सैल झालेला लिंपेट पुन्हा नीट चिकटण्याआधी उन्हाने किंवा शिकाऱ्याने संपतो.

दगड उचलून खाली बघायचं असेल तर छोटा दगड, हळू, आणि बघून झाल्यावर त्याच जागी, त्याच बाजूने परत. दगडाच्या पोटाला सावलीतले जीव असतात आणि पाठीला उजेडातले. उलटा टाकलेला दगड दोघांनाही मारतो. मोकळे शंखही तिथेच राहू द्या, वाढणाऱ्या संन्यासी खेकड्याला पुढचं घर तेच असतं. आणि शंकूच्या आकाराचा, नक्षीदार, जिवंत शंख उष्ण समुद्रांत कुठेही दिसला तर तो हातात घेऊ नका. त्यातल्या काही जातींचा दंश माणसाला मारू शकतो. किनाऱ्याला लागलेल्या जेलीफिशलाही हात लावू नका, मेल्यावरही तिचे दंशपेशी काम करतात.

6. वाळू: पोटावर झोपा

वाळूवर उभ्याने काढलेला फोटो जवळपास नेहमी फसतो. खेकडा वाळूच्या रंगाचा, वाळू मागे वाळूच. पोटावर झोपा, कॅमेरा जमिनीला टेकवा. आता खेकड्यामागे दूरचा निळा-करडा समुद्र येतो आणि त्याचे देठांवरचे डोळे आभाळावर उठून दिसतात.

उष्ण प्रदेशांतल्या किनाऱ्यांवर फिकट रंगाचे चपळ वाळू-खेकडे असतात. त्यांच्या बिळाशी थांबण्याची एक पद्धत मला उपयोगी पडली आहे. बिळाच्या तोंडाशी ताजी, ओलसर, गडद वाळू पंख्यासारखी पसरलेली असेल तर आत कोणी आहे आणि काम चालू आहे. कोरडी, पांढरी पडलेली वाळू असेल तर ते बीळ सोडा. ताज्या बिळापासून तीन-चार मीटरवर, वाऱ्याच्या उलट नव्हे तर सूर्य पाठीशी राहील असे झोपा, पण तुमची सावली बिळावर पडता कामा नये. त्याला वासापेक्षा हालचाल जास्त कळते. बिळाच्या कडेवर आधीच फोकस करून ठेवा. पहिल्यांदा एक डोळा येतो. मग काहीच नाही. मग दोन्ही डोळे, मग वाळूचा एक भारा पायांत कवटाळून तो बाहेर येतो, दोन पावलं चालतो आणि भारा झटकून फेकतो. एकदा हे बघताना माझा हात नकळत बटणाकडे सरकला आणि पुढची वीस मिनिटं तो बाहेर आला नाही. तेव्हापासून मी बोट आधीच बटणावर टेकवून ठेवतो. झटकण्याच्या क्षणासाठी 1/1600 सेकंदाचं शटर लागतं.

काही किनाऱ्यांवर ओहोटीत वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी उमटते. मध्ये एक भोक आणि त्याभोवती फुलासारख्या पसरलेल्या रांगा. इवलासा खेकडा वाळूच्या कणांवरचं अन्न खरवडून खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकतो. पाणी चढलं की सगळं पुसलं जातं. ही नक्षी सकाळच्या किंवा संध्याकाळच्या आडव्या उन्हात टिपा, प्रत्येक गोळीला सावली मिळते. दुपारी तीच नक्षी सपाट दिसते.

भरतीची रेघ, म्हणजे पाणी जिथवर चढून गेलं तिथला केरकचऱ्याचा पट्टा, दर खेपेला चालून बघा. तिथे खेकड्याचं कवच दिसलं तर ते मेलेला खेकडा आहे की टाकलेली कात आहे हे ओळखायला शिका. कात हलकी असते, वास येत नाही, आणि मागच्या बाजूला पाठ आणि पोट यांच्यामध्ये ती उघडलेली असते. डोळेसुद्धा पोकळ. एकाच सकाळी अशा पुष्कळ काती दिसल्या तर घाबरू नका, त्या भागातले खेकडे वाढीला लागलेत.

7. पक्षी: अंतर आधी, फोटो नंतर

उन्हाळा हा अनेक किनारी पक्ष्यांचा अंडी घालण्याचा काळ. लहान सुरय आणि चिखल्या यांची घरटी म्हणजे वाळूतला एक उथळ खळगा. अंड्यांवर वाळूचेच ठिपके. भरतीच्या रेघेच्या वरची कोरडी, शंखाशिंपल्यांची वाळू ही त्यांची जागा, म्हणून चालताना ओल्या वाळूवरूनच चाला.

तापलेल्या वाळूवर अंड्यांना उबेपेक्षा सावलीची गरज जास्त असते. केंटिश चिखल्या पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवतो आणि परत येऊन अंड्यांवर बसतो, म्हणजे अंडी गार राहतात. तुमच्यामुळे तो दूर गेला आणि तुम्ही 'अजून एकच फोटो' म्हणत थांबलात, तर तेवढ्यात अंडी शिजू शकतात. पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असेल, किंवा पंख मोडल्यासारखा लंगडत तुमच्यापुढे जात असेल, तर तुम्ही घरट्याजवळ आहात. तो लंगडतोय ते तुम्हाला घरट्यापासून लांब न्यायला. आल्या वाटेने मागे फिरा. त्या लंगडण्याचा फोटो काढू नका, कारण तो फोटो काढायला लागणारी प्रत्येक मिनिट अंडी उन्हात असतात. घरट्याची जागा कुठेही टाकू नका.

घरट्यांपासून दूर, पाण्याच्या कडेला, टिपण्यासारखं पुष्कळ असतं. सुरय मासा दिसला की हवेत थांबतो, चोच सरळ खाली वळते, आणि पुढच्या क्षणी तो पाण्यात असतो. चोच वळली की बटण दाबा, सूर मारताना दाबलं तर उशीर झालेला असतो. शटर 1/2000 किंवा अधिक. लाटेमागे धावणाऱ्या सँडरलिंगच्या थव्यासाठी त्यांच्या मागे पळू नका. थवा कोणत्या दिशेने सरकतोय ते बघा, पन्नास-साठ मीटर पुढे जाऊन ओल्या वाळूवर आडवे व्हा. ते चरत चरत तुमच्यापर्यंत येतील आणि तुम्हाला वळसा घालून पुढे जातील.

चढती भरती ही पक्ष्यांची उत्तम वेळ. चिखल बुडत जातो तसे ते उरलेल्या पट्ट्यात गोळा होतात आणि जवळ येतात. भर भरतीला मात्र ते उंचवट्यावर विश्रांती घेत असतात, त्या थव्याला उडवू नका. उडण्यात गेलेली ताकद त्यांना परत मिळवावी लागते. 2022 मध्ये शेपटीवर पट्टे असलेल्या गॉडविट जातीच्या एका पाच महिन्यांच्या पिल्लाने अलास्कापासून टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर, 11 दिवस, कुठेही न उतरता उड्डाण केलं. अशा प्रवासाची चरबी चिखलाच्या पट्ट्यांवर एकेक घास करून साठवली जाते.

8. उजेड

उन्हाळ्यात दहा ते चारच्या मधलं ऊन डोक्यावरून पडतं, रंग धुऊन टाकतं आणि तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते. लांबच्या पक्ष्याचा फोटो दुपारी धूसर आला तर लेन्सला दोष देऊ नका, मधली हवाच हलत असते. त्यावर उपाय एकच, पहाट.

कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं मानून चालतं. उजळ वाळू किंवा फेस चौकटीत भरला की ते घाबरून फोटो काळपट करतं. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +0.7 ते +1 करा. उलट, गडद पाण्यावर पांढरा बगळा असेल तर -0.7 ते -1, नाहीतर बगळ्याची पिसं नुसता पांढरा डाग होतात. मोबाइलवर विषयावर बोट दाबून धरा आणि शेजारची सूर्याची खूण वर-खाली सरकवा. जमत असेल तर रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा. आणि क्षितिज सरळ ठेवा. समुद्राच्या फोटोत वाकडं क्षितिज एका नजरेत खुपतं.

मागे सरकणाऱ्या लाटेच्या रेषा हव्या असतील तर ट्रायपॉडवर पाव ते अर्धा सेकंद. वीस-तीस सेकंदांचा दुधाळ समुद्र सगळेच काढतात, मला तो आवडत नाही, त्यात लाटेचा स्वभाव पुसला जातो.

9. अंधारातला किनारा

अमावास्येच्या आसपास काही रात्री लाटा फुटताना निळ्या उजळतात. पाण्यातले एकपेशीय सूक्ष्मजीव, त्यात नॉक्टिल्युका मुख्य, पाणी ढवळलं की चमकतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं द्या, मोबाइलचा पडदा बंद. कॅमेरा ट्रायपॉडवर, एफ 2.8, आयएसओ 3200, दहा ते पंधरा सेकंद, फोकस हाताने दूरच्या दिव्यावर लावून घ्या. फोटोत निळा रंग डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा जास्त येतो. दाखवताना तेवढं खरं सांगा.

तुमच्या किनाऱ्यावर कासवं येत असतील तर रात्री फ्लॅश आणि टॉर्च पूर्ण बंद. पिल्लं उजळ क्षितिजाच्या दिशेने चालतात, तो समुद्र असतो असं त्यांचं शरीर धरून चालतं. तुमचा दिवा त्यांना उलट्या दिशेला नेतो. पहाटेच्या नैसर्गिक उजेडात, जाणकारांच्या सोबत आणि ते सांगतील तितक्या अंतरावरून जे मिळेल तेच टिपा.

10. उन्हाळा पुढे सरकतो तसा

सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी तोच कातळ वेगळा असतो. भर उन्हाळ्यात उथळ डबक्यांचं पाणी तापतं, बाष्पीभवनाने खारटपणा वाढतो, शैवाल पांढरं पडतं. छोटा थर्मामीटर असेल तर दर खेपेला एकाच डबक्याचं तापमान लिहा. 2021 च्या जूनअखेर कॅनडा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उष्णतेची लाट आली. व्हँकुव्हर भागात उघड्या कातळाचं तापमान 50 अंश सेल्सिअसच्या वर मोजलं गेलं, आणि किनाऱ्यावरचे एक अब्जाहून जास्त जीव मेले असावेत असा तिथल्या संशोधकांचा अंदाज होता. सावलीच्या बाजूचे जीव तगले, उन्हाच्या बाजूचे शिंपले उघडे पडले. म्हणून आपल्या कातळाच्या दोन्ही बाजूंचे फोटो ठेवा, उन्हाच्या आणि सावलीच्या.

उत्तर गोलार्धात उन्हाळा सरताना उत्तरेकडून जलचर पक्ष्यांचे थवे खाली यायला लागतात. बऱ्याच जातींत आधी मोठे पक्षी येतात, त्यांच्या अंगावर विटकरी पिसांचे उरलेसुरले डाग असतात. काही आठवड्यांनी त्या वर्षीची पिल्लं येतात, स्वच्छ, नव्या कडांच्या पिसांची, आणि माणसाला कमी भिणारी. पहिला थवा दिसला ती तारीख वहीत मोठ्या अक्षरात लिहा.

11. घरी आल्यावर

मीठ कॅमेऱ्याचा शत्रू आहे आणि ते कोरड्या फडक्याने पुसलं तर काचेवर ओरखडे काढतं. आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने बाहेरचा भाग टिपून घ्या, मग कोरड्याने. लेन्सवर आधी फुंकणी. ट्रायपॉडचे पाय उघडून धुवा. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. थंड खोलीतून दमट हवेत निघताना कॅमेरा अर्धा तास पिशवीत बंद राहू द्या, नाहीतर काचेवर आतून-बाहेरून वाफ धरते.

त्याच संध्याकाळी फोटो निवडा, उद्यावर टाकलं की वहीतल्या खुणांचा अर्थ विसरतो. ओळख पटवायला आणि नोंद इतरांच्या उपयोगी पडायला आयनॅचरलिस्ट हे संकेतस्थळ आहे, पक्ष्यांच्या नोंदींसाठी ईबर्ड आहे. एक देखणा फोटो टाकण्यापेक्षा त्याच जिवाचे वरून, बाजूने आणि आजूबाजूच्या जागेसह तीन फोटो टाका, ओळखणाऱ्याला तेच लागतात. घरटी आणि दुर्मीळ जीव असतील तर ठिकाण झाकून टाकण्याची सोय वापरा.

आणि उन्हाळ्याच्या शेवटच्या खेपेला, साधारण पहिल्या दिवसाइतक्याच उंचीच्या ओहोटीला, त्याच दगडापाशी उभे राहून तीच चौकट घ्या. घरी सगळ्या खेपांचे ते फोटो तारखेने ओळीत लावा आणि एकेक कोपरा मोठा करून बघा: बार्नॅकलचा पांढरा पट्टा कुठवर आहे, शैवालाची कड किती खाली गेली, वाळूने कोणता दगड गिळला आणि कोणता उघडा पाडला. दिसेल ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि पान संपलं नाही तर खाली जागा सोडा, पुढच्या उन्हाळ्याची पहिली ओहोटी तिथेच लिहायची आहे.